नायट्रोजन रूमच्या दारात

अलार्म वाजला तेव्हा मी नवीन मुलांना अलार्मबद्दलच सांगत होते. त्यामुळे त्यांना वाटलं, हा डेमो आहे. मरियम हसलीसुद्धा.

"हा डेमो नाही," मी म्हटलं. "दोघंही मागे व्हा."

मी मूळची वसईची. शारजातल्या एका विद्यापीठाच्या रिसर्च लॅबमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. दर सेमिस्टरला नवीन येणाऱ्यांना लॅब दाखवायची, कुठे काय धोका आहे ते सांगायचं, मग त्यांचं अ‍ॅक्सेस कार्ड चालू करायचं, हे माझं काम. त्या सकाळी दोघंच होते. मरियम अजमानची, एमिराती मुलगी, मास्टर्सला आलेली. आणि पीएचडीसाठी आलेला ओंकार, इस्लामपूरचा. ओंकारला इथे आणलं होतं अनिलने. अनिल आमचा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झाल्यावर प्रोफेसरांच्या हाताखाली संशोधन करणारा. दोघं गावाकडे एकाच गल्लीत वाढलेले. अनिलने त्याला अर्ज करायला लावला, एअरपोर्टवर घ्यायला गेला, शारजाच्या रोल्ला भागातल्या आपल्या खोलीत स्वतःच्या बेडशेजारी गादी टाकून दिली. ओंकार त्याला दादा म्हणायचा.

अलार्म नायट्रोजन रूमचा होता. या खोलीत बाहेरच्या मोठ्या टाकीतून पाइपने द्रवरूप नायट्रोजन येतो. भयंकर थंड असतो. सॅम्पल गोठवायला आम्ही तो मोठ्या थर्मासासारख्या भांड्यांत भरून नेतो. तो सांडला की त्याची वाफ होते आणि ती खोलीतल्या हवेला बाहेर ढकलते. वास नाही, रंग नाही, खोकला येत नाही. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. तो नुसता खाली बसतो, आणि उठत नाही. म्हणून दाराबाहेर ऑक्सिजनचा आकडा दाखवणारा डिस्प्ले आहे. तिथे एकवीस टक्क्यांच्या आसपास दिसायला हवं. त्या वेळी सोळा होतं आणि आकडा उतरत होता. तोही डोक्याच्या उंचीवरच्या सेन्सरचा, जमिनीलगत ऑक्सिजन याहून कितीतरी कमी असणार.

दाराच्या काचेतून मी आत पाहिलं. जमिनीवर गुडघाभर पांढरं धुकं. त्यात एक निळा लॅब कोट आडवा पडलेला.

ओंकारने माझ्या खांद्यावरून पाहिलं. "दादा आहे," तो म्हणाला. आणि त्याने दाराच्या हँडलला हात घातला.

मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

"मॅडम, बाजूला व्हा."

"नाही."

"मी श्वास रोखून जातो. दोन पावलांवर तर आहे."

"अनिल सत्तर किलोचा आहे. त्याला ओढताना तू श्वास घेणारच. एका श्वासात तू त्याच्या शेजारी पडशील. मग तुम्हा दोघांना काढावं लागेल."

"तो मरतोय आणि तुम्ही नुसत्या उभ्या आहात!"

असे अपघात होतात तेव्हा अनेकदा दुसरा मेलेला माणूस हा पहिल्याला वाचवायला गेलेला असतो, हे मी त्याला थोड्या वेळापूर्वीच सांगितलं होतं. तेव्हा त्याने मान डोलावली होती.

एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू झाला होता, पण गळती चालूच होती. फॅन पुरा पडत नव्हता. मरियमला मी अ‍ॅम्ब्युलन्स आणि सिव्हिल डिफेन्सला, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाला, फोन करायला सांगितलं. ती शांतपणे अरबीत बोलू लागली. मला दार सोडता येत नव्हतं, कारण मी हलले असते तर ओंकार आत गेला असता. आणि टाकीचा व्हॉल्व्ह मागच्या यार्डात होता.

मी त्याचे दोन्ही दंड धरले. मराठीतच बोलले. "त्याला वाचवायचंय ना? मग मागे पळ. टाकीवर लाल हँडल आहे, मघाशी दाखवलं ते. पूर्ण बंद कर. मग भिंतीवरचं बटण दाबून या खोलीचं यार्डाकडचं शटर वर घे. आणि ऐक. शटर उघडलं की दादा तुला समोर दिसेल. आत पाऊल टाकायचं नाही. मी हाक मारेपर्यंत नाही."

तो पळाला.

डिस्प्लेवर चौदा दिसत होतं. मग आकडा थांबला. व्हॉल्व्ह बंद झाला होता. शटर खडखडत वर गेलं आणि ते धुकं यार्डातल्या उन्हात ओसंडून पसरलं. काचेतून मला पलीकडे ओंकार दिसला. उंबऱ्यापाशी उभा. दोन्ही हात शटरच्या खांबाला घट्ट धरलेले. त्याच्यात आणि अनिलमध्ये एका माणसाच्या लांबीइतकंच अंतर होतं. तो ओरडत होता, "दादा, उठ. दादा." पण पाऊल आत टाकलं नाही.

आकडा चढायला लागला. सतरा. अठरा. वीसला पोचला तेव्हा मी दार उघडलं आणि हाक मारली. दोन्हीकडून आम्ही धावलो. अनिलला उन्हात ओढून आणलं. श्वास चालू होता, उथळ. एका हाताची कातडी पांढरी पडून कडक झाली होती, कारण भांडं भरायच्या फुटलेल्या नळीच्या तोंडाशीच तो हात पडला होता. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ओंकार त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो माझ्याजवळ आला. "दादाच्या आईचा फोन येतोय, मॅडम. मी दारात उभा राहून बघत होतो, हे त्यांना कसं सांगू?"

"तू व्हॉल्व्ह बंद केलास, ते सांग."

"ते त्यांना नाही कळणार."

"नाही कळणार," मी म्हटलं. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचे प्रोफेसर डॉ. समीर यांनी मला बोलावलं.

"पहिल्या दिवशीच्या मुलाला तू एकट्याला यार्डात पाठवलंस? त्याचं ट्रेनिंग तरी झालं होतं का?"

"अलार्मच्या तासभर आधीच झालं होतं."

"आणि अनिल? त्याला तर सगळं माहीत आहे."

तिथेच खरी अडचण होती. तो अलार्म कधी कधी उगाच वाजायचा. सेन्सर जुना झाला होता, नवीन मागवलेला होता. जुने लोक आवाज आला की बटण दाबून तो गप्प करायचे आणि काम पुढे चालू ठेवायचे. अनिलनेही आतलं बटण दाबलं होतं, हे त्यानेच पुढे सांगितलं. बाहेर आम्ही ऐकला तो अलार्म पुन्हा वाजलेला होता. तेव्हा अनिल आधीच पडला होता.

अनिल वाचला. बरेच आठवडे हाताला बँडेज होतं. दोन बोटांना अजून नीट संवेदना नाही, पिपेट तो आता डाव्या हाताने धरतो. त्याची आई भेटीला आली तेव्हा ओंकारने तिला सगळं सांगितलं, उंबऱ्यापाशी उभं राहिल्याचंसुद्धा. तिने त्याला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

सेन्सर बदलला. अलार्म आतून बंद करण्याची सोय काढून टाकली. आणि ओरिएंटेशनला आता नव्यांबरोबर जुनेही बसतात, प्रोफेसरांसकट. जुने कुरकुर करतात, हे सगळं आम्हाला पाठ आहे म्हणतात. मी म्हणते, म्हणूनच बसा. पहिल्या दिवशी माणूस अलार्म वाजला की घाबरतो, आणि घाबरलेला माणूस ऐकतो. लॅबमध्ये माणूस जितका जुना होतो तितकं त्याचं ऐकणं कमी होतं.