वाढलेली ज्वारी

"तांदूळ वाढले गं," मी सुनेला म्हटलं. "मग थोडे शेजारी देऊ का?" तिनं विचारलं. डब्याच्या तळाशी कडुलिंबाचा सुका पाला तेवढा उरला होता. त्या कडवट वासानं मी थेट जनवाड्याच्या माहेरच्या घरात जाऊन उभी राहिले.

बीदरच्या वसतिगृहात जागा मिळायला मला कमी उत्पन्नाचा दाखला हवा होता. चौकशीला आलेल्या कन्नड कारकुनानं धान्याच्या कणगीवर हात ठेवून विचारलं, "जवारी किती हाय?"

"वाढली, साहेब," आई म्हणाली. घरात 'संपली' म्हणू नये, 'वाढली' म्हणावं, ही तिची रीत.

कारकून मान डोलावून लिहू लागला. ज्वारी जास्त झाली असंच तो लिहीत होता. मी आईच्या कानाशी लागले.

"आई, संपली म्हण की."

तिनं नकारार्थी मान हलवली. शेवटी मीच त्याला कन्नडात म्हणाले, "ज्वाळ खाली आग्यादरी." ज्वारी संपलीय. त्यानं लिहिलेलं खोडलं.

त्या एका वाक्यावर मी शिकले, नोकरीला लागले. पण आज आठवली ती, कारकून गेल्यावर बियाण्यातली मूठभर ज्वारी कणगीत टाकणारी आई.

"मी कन्नडात बोलले की," मी तेव्हा तिला म्हटलं.

"कणगीलाबी कन्नड कळतंय," ती म्हणाली.