जुन्या डिस्कवर ‘कुठून’, नव्या डिस्कवर ‘कुठे’

“कुठून? कुठे?” असं काका आधी विचारायचे, नमस्कार मागून.

जन्मभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढलेला माणूस. नोकरी सुटली, प्रश्न सुटला नाही. भाजीवाल्याला तोच, जिना चढून दमलेल्या पाहुण्याला तोच. घरातल्या ट्रंकेपासून बरणीपर्यंत सगळ्यावर त्यांची चिठ्ठी. काकू म्हणायच्या, “अहो, एक दिवस माझ्याही कपाळावर चिकटवाल.” तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पण त्यांच्या खिशात डिंकाची बाटली नसेल. काकांच्या असायची.

रावपुऱ्यात त्यांच्याकडे मी स्वयंपाकाला जायचे. काकूंना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी लोणच्यांच्या कृती सांगून मला कॉम्प्युटरवर लिहायला बसवलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर हुडकून ठोकायचे. पुढे काकू दुपारी आडव्या झाल्या की लिंबाच्या लोणच्याखाली मी माझं काहीबाही लिहू लागले. लोणच्याखाली कोण बघायला जातंय? हे कुणालाच माहीत नव्हतं.

कॉम्प्युटर मात्र फार म्हातारा. काका बटण दाबून अंघोळीला जायचे, पूजा उरकायचे, तरी पडद्यावरचे ठिपके गोल फिरतच असायचे. तेवढ्या वेळात माझ्या मनात यायचं, तू कोण लागून गेलीस लिहिणारी? आणि मी परत लसूण सोलायला जायचे.

शेवटी त्यांच्या मुलीने पुण्याहून नवी डिस्क पाठवली. पत्त्यांच्या जोडाएवढी, पापडासारखी हलकी. काकांनी मला समजावलं की जुन्या डिस्कवरचं सगळं बिऱ्हाड, कॉम्प्युटर जिच्यावर चालतो त्या सिस्टिमसकट, जसंच्या तसं हिच्यात न्यायचं. “फक्त उलटं होता कामा नये. कोरी डिस्क भरलेलीवर उतरली तर सगळं पुसलं जाईल.”

माझं लाटणं थांबलं. विचारावं तर माझं लिहिणं उघडं पडणार, न विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही. मी पोळी करपवली.

काकांनी जुन्या डिस्कला ‘कुठून’ आणि नव्या डिस्कला ‘कुठे’ अशा चिठ्ठ्या डकवल्या. मोठ्याने वाचल्या, काकूंकडून म्हणवून घेतल्या, मग बटण दाबलं. बिऱ्हाड हलेपर्यंत लाईटवर भार नको म्हणून मिक्सर बंद, इस्त्री बंद. चटणी मी खलबत्त्यात कुटली, तर म्हणाले, “हळू कूट, टेबल हलतंय.”

दुपारी काम झालं. नव्या घरात जायचं तर दूध उतू घालवायला हवं, असं काकूंनी ठरवलं. खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारीण रमीलाबेन पेंडे घेऊन आल्या. कॉम्प्युटर सुरू केला. जरा वेळ लागला, पण नव्या जागी कुणालाही लागतोच, असं काका म्हणाले. रमीलाबेन म्हणाल्या, “बहु फास्ट थई गयुं, काका.” काकूंना तर पडद्यावरचे रंगही उजळ दिसले, आणि त्यांना तर पडदाच धड दिसत नव्हता. गॅसवर दूध उतू गेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

पेंडा तोंडात ठेवून काका म्हणाले, “आता जुन्याला सेवानिवृत्ती.” आणि चालू कॉम्प्युटरमधून त्यांनी ‘कुठून’ची वायर उपटली.

पडदा गोठला. मग निळा झाला आणि त्यावर एक रडवा चेहरा आला. मग काळोख.

“काका, माझं लिहिलेलं!” हे माझ्या तोंडून निघालं. त्या घरात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते.

सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांनी पेंडा गिळला. “कुठे आहे?”

“लिंबाच्या लोणच्याखाली.”

ते हसले नाहीत. वायरीकडे बघितलं, चिठ्ठ्यांकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. “अगं, माल पोचलाय. आपणच स्टेशन सोडलं नव्हतं. हा जुन्या डिस्कवरच सुरू झाला होता.” म्हणजे इतका वेळ आम्ही त्या म्हाताऱ्याचंच कौतुक करत होतो.

जुनी डिस्क बाजूला ठेवून त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि सवयीने उठून अंघोळीच्या दिशेने निघाले. दारापर्यंतही गेले नाहीत तोच मागे पडदा उजळून तयार. काका वळून बघतच राहिले, मग धावत आले. लोणच्यांचं पान उघडलं, खाली खाली गेले आणि एकदम चष्मा काढून हातात धरला.

“आहे गं सुमन, सगळं आहे. मी वाचलं नाही. पहिली ओळ सोडून.”

पहिली ओळ अशी होती: ‘काका चहाला नको म्हणतात आणि कप पुढे करतात.’

काकू पोट धरधरून हसल्या. मी पदर तोंडावर घेतला, पण पदराआड मीही हसत होते. रमीलाबेन म्हणाल्या, “तो दूध पाछुं उभरावो,” म्हणजे दूध परत उतू घालवा. खरंच, पहिलं दूध जुन्याच घराचं झालं होतं. पुन्हा पातेलं चढलं, पुन्हा उतू गेलं. ओटा मी दोनदा पुसला आणि दोन्ही वेळा हसत पुसला.

त्यानंतर काकांनी त्या लिखाणाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त कधी स्वयंपाकघरात डोकावून विचारायचे, “गाडी कुठवर आली?” मी म्हणायचे, “चालू आहे.” ते चहाला नको म्हणायचे. मी कप पुढे करायचे.

आता ते दोघं पुण्याला मुलीकडे गेले. रावपुऱ्याच्या घराला कुलूप आहे. जाताना काकांनी खोक्याखोक्यावर चिठ्ठ्या डकवल्या, आणि एक खोकं टेम्पोत न चढवता, मला घरी सोडायला बोलावलेल्या रिक्षात माझ्याशेजारी ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘कुठून: रावपुरा. कुठे: सुमन, पाणीगेट.’ मी नको म्हटलं आणि हात पुढे केले.

तो कॉम्प्युटर आता माझ्या घरात, शिवणयंत्राच्या बाजूला असतो. चिठ्ठी मी काढलेली नाही. दुपारी बटण दाबते. पडदा असा झटकन उजळतो की लाजायलाही वेळ मिळत नाही.