चाळीस तास आणि नकाशांमागच्या कादंबऱ्या

धाकटीला कामाचा उरक भारी, पण तो फक्त घराबाहेर. घरातलं कपाट आवर म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. त्यामुळे कॉलेजने चाळीस तास समाजसेवा सक्तीची केली आणि तिने त्यासाठी वाचनालय निवडलं, तेव्हा आई म्हणाली, "जा बाई, लोकांची कपाटं आवर. आपलं घर कुठे समाजात मोडतं!"

तासांचा तक्ता शुक्रवारी सहीनिशी द्यायचा होता, नाहीतर वर्ष अडकलं. सही ग्रंथपालबाईंची, आणि त्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या. सोमवारपर्यंत चौतीस तास झाले. पण नुसती धूळ पुसून 'मी समाजाला काय दिलं' यावर दोन पानं कशी लिहायची? म्हणून मंगळवारी, बाई रजेवर असताना, तिने सहा तास खपून सगळी कपाटं लावली. कवितांत शिरलेलं कुक्कुटपालन बाहेर काढलं. नकाशांमागे दडलेल्या कादंबऱ्या जागेवर नेल्या. पुस्तकांतून डोकावणारी बसची तिकिटं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, दोऱ्याचे तुकडे, सगळं कचऱ्यात! घरी जाऊन तिने पहिलं वाक्य लिहिलं, 'मी समाजाला शिस्त दिली.'

बुधवारी सही घ्यायला गेली तर आत नुसता हलकल्लोळ.

"माझा खून कुठे गेला?" निवृत्त पोस्टमन नकाशांच्या कपाटापुढे कमरेवर हात ठेवून उभे.

"माझी बोटीची कादंबरी कवितांच्या मागे होती हो!" नर्समावशी रडकुंडीला आलेल्या.

तिथली पुस्तकं घरी न्यायची सोय नव्हती. अर्धवट राहिलेलं पुस्तक दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून प्रत्येकाने आपापला कोपरा शोधला होता, आणि तो इतर कुणाला ठाऊक नाही अशी प्रत्येकाची खात्री होती. धाकटीने एका दिवसात सगळ्यांची बिळं बुजवली होती.

"मी जागच्या जागी लावली," ती पुटपुटली.

"कुणाच्या जागी?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याचं त्याला पान मिळू दे, मग सही."

"पण बाई, परवा शुक्रवार!"

"मग अजून उभी का?"

पुस्तकं सापडणं सोपं होतं, पण खुणेची तिकिटं-दोरे कचऱ्यात गेल्यामुळे पानं सापडणं महाकठीण. ती एकेकाशेजारी बसली.

"आजोबा, गोष्ट कुठवर आली होती?"

"माळी कंदील घेऊन तळघरात उतरलाय. खून त्यानेच केला, लिहून ठेव."

पान शोधता शोधता धाकटीची नजर शेवटावर गेली. माळी निर्दोष होता. "हो आजोबा," म्हणून तिने जीभ चावली.

नर्समावशींना नावं आठवेनात. "तो नालायक तिला सोडून बोटीत चढतो बघ, तिथे." त्या कादंबरीत तीन नालायक तीन बोटींत चढत होते. तिन्ही वाचून पाहावे लागले.

शेवटी राहिले म्हातारे शिंपीकाका. मधमाशापालनाचं पुस्तक मांडीवर घेऊन पंख्याखाली बसलेले.

"काका, तुमचं पान?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठलंही दे गं. तीन वर्षं एकाच पानावर आहे. दुपारी सून घरी शिकवण्या घेते, मला बसायला जागा नसते. इथे पंखा बरा आहे. बोलू नकोस हो कुणाला."

धाकटीने काकांच्याच खिशातला लाल दोरा मागून घेतला, पानात घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एकशे बासष्ट! काका, तुम्ही तर कुठच्या कुठे पोचलात!"

पोस्टमन आजोबांनी वळून शिंपीकाकांकडे आदराने पाहिलं. काका जरा ताठ बसले.

शुक्रवारी सकाळी तिने 'शिस्त' खोडली आणि लिहिलं, 'चाललेलं वाचन मी बंद पाडलं, मग जमेल तेवढं पुन्हा सुरू केलं.' बाईंनी ते वाचलं आणि तक्त्यावर चाळीस लिहून सही केली.

"बाई, माझे त्रेपन्न झालेत."

"विस्कटायचे सहा धरले नाहीत. निस्तरायचे तेरा धरले, पण त्यातले सात तू गोष्टी वाचण्यात घालवलेस."

हिशोब चोख होता. धाकटी तक्ता घेऊन दाराशी पोचली, तेव्हा बाई मान वर न करता म्हणाल्या, "बोटीच्या कादंबरीचा दुसरा भाग मावशींनी काल शब्दकोशांच्या मागे दडवलाय, तो मी हलवलेला नाही. पण मावशींचा पहिला संपत आलाय. सोमवारच्या आत काय ते वाचून घे."