लाल टोपीचं वर्ष

बर्नी हुडाक पिरोगीच्या करंजीसारख्या कडेला मुरड घालते तेव्हा तिचं लक्ष हाताकडे नसतं. ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असते, एकाकडे क्षणभर, मग पुढच्याकडे. शाळेची बस चालवून लागलेली सवय असावी ही. आरशातून मागच्या बाकावर कोण कुणाची वेणी ओढतंय ते बघायचं आणि रस्ताही सोडायचा नाही.

ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात दर गुरुवारी आम्ही चर्चच्या तळघरात जमतो. शुक्रवारी मांस चालत नाही, म्हणून आमच्या पिरोगी न्यायला नदीपलीकडूनही माणसं येतात. पॉलीन साबोल पारी लाटते. ऐंशी ओलांडली तरी लाटणं कुणाच्या हाती देत नाही. कॉनी वाटीनं गोल कापते आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलते. बटाटा आणि चीजच्या सारणाचे गोळे माझ्याकडे. मुरड मात्र बर्नीचीच, कारण तिनं मिटलेली पिरोगी उकळत्या पाण्यात फुटत नाही.

त्या वर्षी तळघरात वाद एकच होता. कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या तीन क्वार्टरबॅकपैकी, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या पोरांपैकी, एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये आधी कुणाचं नाव पुकारलं जावं? ड्राफ्ट म्हणजे व्यावसायिक संघांनी आळीपाळीनं कॉलेजातली पोरं निवडणं; रीत अशी की मागच्या हंगामात जो संघ सगळ्यांत जास्त हरला त्याला पहिली निवड, आणि विजेत्याला सगळ्यांत शेवटी. त्यामुळे ज्या पोराचं सगळ्यांत जास्त कौतुक, तो सगळ्यांत मोडक्या संघात जातो. गावात कुणाला यात काही वावगं वाटत नसे. पहिलं नाव म्हणजे पहिलं नाव.

तिघांपैकी टिलरी जॉर्जियाचा. हात तोफेसारखा, पण कॉलेजात त्याला राखणाऱ्या पुढच्या फळीत असे डोंगर उभे की चार वर्षांत त्याचा सदरा मळला नव्हता. पहिला खरा धक्का बसला की तो काय करील हे कुणालाच माहीत नव्हतं. ओकाफोर टेक्ससचा, बुटका, थंड डोक्याचा; कुठला गडी मोकळा सुटणार हे चेंडू हातात यायच्या आधी ओळखायचा. पॉलीनचा जीव ओकाफोरवर. बुटकी माणसं टिकतात, असं म्हणून ती स्वतःकडे बोट दाखवायची. आणि तिसरा डेमियन हुडाक. उंच, देखणा, धावता धावता पाऊण मैदानापलीकडे चेंडू टाकणारा. आमच्या गावचा. बर्नीचा मुलगा.

गावाच्या मते डेमियन पहिला जाणार होता, फार तर दुसरा. पेट्रोलपंपावर त्याच्या नावाची पाटी लागली होती. फक्त बर्नी म्हणायची, आधी ओकाफोर, मग टिलरी, आणि आमचा दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फेरीत. सुरुवातीला आम्ही हसलो. आईनं पोराचं कौतुक केलं की दृष्ट लागते, म्हणून ही असं बोलत असेल असं धरून चाललो. पण ती दर गुरुवारी तेच म्हणत राहिली, तेव्हा कॉनीनं वाटी खाली आपटली.

"अगं, शेजारणीनं म्हटलं असतं तर समजलं असतं. तू आई ना त्याची?"

"आई आहे म्हणूनच म्हणते. एकच हंगाम खेळलाय तो. पहिला गडी झाकला गेला की चेंडू छातीशी धरून उभा राहतो, दुसरीकडे बघतच नाही. कॉलेजात खपलं. तिथे कोण उभं राहू देणार त्याला?"

"शिकेल की."

"त्या तळाच्या संघात? त्यांच्या आधीच्या पोराच्या खांद्याचं काय झालं ते बघितलंस ना? पुढची फळी म्हणजे चाळण आहे नुसती. आपलं गुणी लेकरू पडक्या घरात द्यायचं, आणि वर सांगायचं, आता घर तूच सावर."

कॉनी म्हणाली, एवढं पडकं घर, पण डॉलरांचा आहेर केवढा देतात ते बघ. पॉलीन हसली. बर्नी हसली नाही.

ती का हसली नाही हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या नव्हत्या. बर्नीचा नवरा एड. आमच्याकडे खाणीत नव्यानं उतरणाऱ्याला लाल टोपी देतात. ती डोक्यावर आहे तोवर जुन्या माणसानं त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही, एकट्याला कुठल्या यंत्रावर सोडायचं नाही. दिवस भरले की काळी टोपी. एडची लाल टोपी उतरवायला कुणी दिवस भरायची वाट पाहिली नाही. माणसं कमी होती, पोरगा चलाख होता, आणि वरिष्ठ म्हणाला, तू तयार आहेस. एडला अभिमान वाटला. त्या संध्याकाळी त्यानं बर्नीला, तेव्हा ती त्याची नुसती मैत्रीण होती, जेवायला नेलं. पुढे हिवाळ्यात छताला आधार देताना वरचा दगड सुटला. ज्याच्या अनुभवी कानाला आधीचा कुरकुर आवाज कळला असता, असा जुना माणूस शेजारी नव्हता. एड वाचला. तेव्हापासून तो काठी घेऊन चालतो आणि पाऊस येणार असला की आम्हाला आदल्या दिवशी सांगतो. बर्नीनं लग्न त्यानंतर केलं.

उपासकाळ संपत आला तेव्हा शहरातल्या एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन तळघरात आली. तिला पिठानं माखलेले हात आणि गर्वानं फुललेली आई हवी होती. तिनं बर्नीला विचारलं, तुमच्या मुलाला पहिला क्रमांक मिळायला हवा ना? बर्नीनं हातातली पिरोगी मिटवली आणि म्हणाली, "नाही. तो तयार नाहीये. त्याला अजून एक-दोन वर्षं लाल टोपी घालून कुणा जुन्याच्या मागे उभं राहू दे."

मुलीला टोपीचं काही कळलं नाही, पण पहिली दोन वाक्यं पुरेशी होती. संध्याकाळपर्यंत ती दोन वाक्यं देशभर फिरली. आई स्वतःच म्हणते, तयार नाही. मोठ्या मोठ्या स्टुडिओंत कोट घातलेली माणसं टेबलावर हात आपटून त्यावर वाद घालू लागली. डेमियनच्या एजंटनं एडला फोन करून विचारलं की तुमच्या बायकोला मुलाचं वाटोळं करायचंय का. एड म्हणाला, बायकोला विचारा, पण ती आत्ता बसवर आहे.

गावानं बर्नीशी भांडण केलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पेट्रोलपंपावर ती आली की बोलणं थांबायचं. कॉनी पुढच्या गुरुवारी आली, गोल कापून गेली, शब्द बोलली नाही. आणि डेमियनचा फोन येईना. ईस्टरला तो घरी आला, वडिलांशेजारी बसला, हॅम खाल्लं, आईला 'थँक यू' म्हणाला. परक्याच्या घरी जेवल्यावर म्हणतात तसं.

ड्राफ्टच्या गुरुवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. नामवंत पोरं त्या दिवशी मोठ्या शहरात मंचावर जातात, पण एडला एवढा प्रवास झेपत नाही म्हणून डेमियननं गावातच थांबायचं आधीच ठरवलेलं. अख्खं गाव आलं होतं. तळाच्या संघाचं पहिलं नाव आलं: टिलरी. हॉलमधून हवा निघून गेल्यासारखं झालं. मी बर्नीच्या शेजारी होते. जॅकेटच्या आत तिच्या बोटांनी क्रूस काढला, एवढासा, बटणाएवढा. दुसऱ्या संघानं ओकाफोरला घेतलं. पॉलीननं एकटीनंच टाळ्या वाजवल्या आणि मग ओशाळून हात मांडीखाली घेतले.

दोघांचा क्रम उलटा झाला, तरी तिथवर बर्नीच्या मनासारखं झालं होतं. पण नावं येत राहिली. पुढच्या फळीचे गडी, धावणारे, अडवणारे, आणि डेमियन टेबलावर फोन उपडा ठेवून बसलेला. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले. लोक एकेक करून उठले, जाताना एडच्या खांद्यावर हात ठेवून गेले, बर्नीच्या नाही. फेरी संपली. आता बर्नीचा चेहरा वेगळा दिसत होता. आपण जे मागितलं तेच मिळालं, की आपण बोललो म्हणून पोर तळापर्यंत घसरत जाणार, आणि कदाचित कुणीच उचलणार नाही? तिनं मला एवढंच विचारलं, "मी फार बोलले का गं?"

पुढचं बर्नीनंच मला नंतर सांगितलं. शुक्रवारी पहाटे ती बस सुरू करायला अंगणात आली तर डेमियन दारापाशी उभा. तो चढला आणि तिच्यामागच्या पहिल्या बाकावर बसला. त्या बाकावर दुसरीतली पोरं बसतात. त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते. एकेका थांब्यावर पोरं चढली, त्याला बघून गप्प झाली. एका मुलीनं त्याला सांगितलं की ही तिची जागा आहे. तो सरकला. शाळेपाशी बस रिकामी झाली, बर्नीनं इंजिन बंद केलं, आणि आरशातून त्याच्याकडे बघितलं.

"मा, मागे वळ. आरशात नको बोलूस."

ती वळली.

"तळाच्या संघानं मला मार्चमध्ये भेटायला बोलावलं होतं. भिंतीवर खेळी दाखवायचे आणि विचारायचे, आता कुणाकडे टाकशील? मला दिसतच नव्हतं. मी ठोकून देत होतो. ते माना डोलवत होते, आणि मला कळेना, यांना कळत कसं नाही. मग रोज रात्री वाटायचं, हे मला खरंच घेणार."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"कुणाला सांगू? पेट्रोलपंपावरच्या पाटीला?" तो म्हणाला, "तू टीव्हीवर बोललीस तेव्हा मला इतका राग आला. मग त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपलो. त्याचाही राग आला."

बर्नी काय म्हणाली ते तिनं मला सांगितलं नाही. एवढंच, की नंतर दोघांनी मिळून बसमधली बाकं पुसली, कारण शुक्रवारी ती पुसायचीच असतात.

संध्याकाळी हॉलमध्ये आम्ही थोडेच जण होतो. उन्हं अजून खिडकीत होती. कॉनी आली होती, पण दूरच्या टेबलावर बसली. दुसरी फेरी सुरू झाली आणि दोनचार नावांनंतर डेमियनचा फोन वाजला. त्यानं तो मोठ्या आवाजावर ठेवला, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. उत्तरेकडच्या एका संघाचा मुख्य माणूस बोलत होता. त्यांचा क्वार्टरबॅक चाळिशीला टेकलेला, पुढची फळी दगडी. तो म्हणाला, "बाळा, आम्ही तुला घेतोय. पण यंदा तू खेळणार नाहीस. पुढच्या वर्षीही बहुतेक नाही. चालेल?"

"चालेल, सर," डेमियन म्हणाला. त्याचा आवाज इतका हलका झाला होता की एडनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"आई आहे का तिथे? दे जरा फोन."

बर्नीनं फोनकडे असं पाहिलं, जणू शाळेच्या मुख्याध्यापकांनी बोलावलंय. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे तो खाली घसरला असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणालात ते आमच्या आणि बाकी सगळ्यांच्या कागदांवर जानेवारीतच होतं. आया काय म्हणतात त्यावर आम्ही पोरं निवडत नाही. निवडली असती, तर सगळेच पहिले गेले असते."

बर्नी "बरं" म्हणाली. मग काही सुचेना म्हणून "जेवलात का?" असंही विचारलं, आणि फोन डेमियनला परत दिला.

मग आरडाओरडा झाला, कुणीतरी अग्निशमनाच्या गाडीचा भोंगा वाजवला, डेमियननं वडिलांना काठीसकट उचललं. एड म्हणत होता, ठेव मला खाली, गाढवा, पाठ आहे माझी. कॉनी उठून आमच्या टेबलाशी आली. तिच्या हातात बशी होती, लोण्यात परतलेला कांदा घातलेल्या पिरोगींची. ती बर्नीसमोर ठेवून म्हणाली, "दुसरी फेरी. आता आयुष्यभर ऐकवशील आम्हाला."

पण घडीच्या खुर्चीत, पाय पुढे ताणून, बुटांतून टाचा बाहेर काढून बर्नी झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात पोटावर निवांत पडलेले. किती दिवसांची झोप होती कुणास ठाऊक.

कॉनीनं पडद्याचा आवाज कमी केला. मग खुर्ची ओढून पॉलीनच्या कानाशी वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, टिलरीचं मात्र त्या चाळणीमागे काही खरं नाही. पॉलीन म्हणाली, बघू, कदाचित ओकाफोरचंही नाही. तिकडे डेमियन दोन खुर्च्यांवर पसरून दुसरी बशी संपवत होता, आणि बोलणं असंच, बर्नीला जाग येणार नाही इतक्या आवाजात, पुढे चालू राहिलं.