हद्दीपलीकडची विहीर

पंपघराला कुलूप होतं आणि ते आमचं नव्हतं.

आमचे वॉटरमन बशीरभाई आपली किल्ली त्याला लावून बघत होते. लागणार नव्हती हे त्यांनाही माहीत होतं. "मॅडम, आपलं कुलूप काढून हे बसवलंय," ते म्हणाले. "उंबरवाडीच्या लोकांनी."

करडगावचा चार्ज घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. गावांची नावं मी इथं बदलली आहेत. करडगाव म्हणजे मोडनिंब आणि टेंभुर्णीच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत असलेलं मोठं गाव. बाजारपेठ, बँक, कॉलेज सगळं असलेलं. नुकतीच शासनाची अधिसूचना निघाली होती आणि करडगाव ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली होती.

वाचणाऱ्याला वाटेल, पाटी बदलली, एवढंच. तसं नसतं. ग्रामपंचायत ही साखळीतली एक कडी असते. तिच्या वर तालुक्याची पंचायत समिती, तिच्या वर सोलापूरची जिल्हा परिषद. नगरपंचायत म्हणजे छोटी नगरपालिका. ती या साखळीतून बाहेर पडते. तिचा कायदा वेगळा, तिचं खातं वेगळं. सरपंच आणि सदस्यांची पदं संपतात. निवडणूक होऊन नगरसेवक येईपर्यंत तहसीलदार प्रशासक म्हणून बसतात, म्हणजे अख्ख्या सभेचे अधिकार त्यांच्या एका सहीत येतात. रोजचं काम चालवायला मुख्याधिकारी असतो. ती मी होते. सोलापूर शहरातल्या जुळे सोलापूर भागातून सकाळी निघायचं, डबा गाडीत, आणि संध्याकाळी परत.

विहीर मात्र करडगावात नव्हती. ती शेजारच्या उंबरवाडीच्या हद्दीत, कॅनॉलच्या कडेला होती. दोन गावांची संयुक्त योजना. जिल्हा परिषदेनं पाइपलाइन टाकून दिली होती आणि दोन्ही ग्रामपंचायतींची मिळून एक समिती ती चालवत होती. आता त्यातली एक ग्रामपंचायत अस्तित्वातच नव्हती.

आम्ही तिथं उभे असतानाच उंबरवाडीच्या सरपंच स्कूटीवरून आल्या. सुनंदाताई माने. दुधाचं संकलन केंद्र चालवायच्या. पदर खोचून त्या उतरल्या आणि सरळ माझ्याकडं आल्या.

"तुमी नव्या मॅडम ना?"

"हो."

"मग तुमच्यावर राग न्हाय. पण पाणी बंद."

"का, ताई?"

"आमचं बोलणं कुणाशी झालं होतं? करडगाव ग्रामपंचायतीशी. ती हाय का आता?"

"नाही. पण तिचे सगळे करार नगरपंचायतीकडं येतात. कायद्यानं येतात."

"येत आसतील की. आमाला कुणी सांगितलं?"

ताईंचं खरं होतं. नगरपंचायत करण्याआधी शासन हरकती मागवतं. पण विचारतं ते त्या गावातल्या लोकांना. शेजारच्या गावाला कुणी विचारत नाही, कारण शेजारच्या गावाचं काही बदलत नाही, असं धरलेलं असतं.

मी गाडीत बसून फोन लावायला सुरुवात केली. जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातले इंजिनिअर सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, करडगाव आता आमच्याकडं नाही." मी म्हटलं, विहीर तर तुमच्याकडं आहे. ते म्हणाले, "विहीर ग्रामपंचायतीकडं हस्तांतरित आहे." जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेतले अधिकारी म्हणाले, "विहीर ग्रामीण भागात आहे, आम्ही कसं बोलणार?" दोघांचंही बरोबर होतं. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं, आणि नळाला पाणी नव्हतं.

प्रशासक असलेल्या तहसीलदारांनी मात्र चटकन निकाल दिला.

"उद्या पोलीस बंदोबस्त देतो. कुलूप तोडा."

"सर, कुलूप तुटेल. पण पाइपलाइन त्यांच्या शेतांतून येते. तिच्यावर कुठं कुठं पोलीस ठेवायचे?"

"मग काय करायचं म्हणता?"

"मला थोडा वेळ द्या. तोवर टँकर लावते."

"लोक रस्त्यावर आले तर?"

"येतील. मी बोलते त्यांच्याशी."

"तुमच्या जबाबदारीवर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी मी करडगावच्या जिल्हा परिषद शाळेत गेले. इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकून माझ्या घरचेही चकित झाले होते. गाव नगरपंचायतीत गेलं तरी शाळा जिल्हा परिषदेचीच राहिली होती. शिक्षक तिकडचे, पगार तिकडून, तपासणीला येणारे साहेब तिकडचे. शाळेच्या नळाचं पाणी मात्र आता माझं. म्हणजे एकाच फाटकाच्या आत दोन सरकारं.

मुख्याध्यापिका जाधव मॅडम व्हरांड्यात उभ्या होत्या. टाकी कोरडी, त्यामुळं पोषण आहाराची खिचडी शिजली नव्हती. मुलांना लवकर सोडावं लागलं होतं.

"यात उंबरवाडीची पण आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांची शाळा चौथीपर्यंतच. पुढची सगळी चालत इथं येतात. आज उपाशी गेली परत."

मी तिथूनच उंबरवाडीला गेले. सुनंदाताई दुधाचे कॅन धूत होत्या. मुलांचं त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या मागं हटल्या नाहीत.

"कुलूप मी एकटीनं लावलं न्हाय, मॅडम. गावानं लावलं. काढायचं तर गावच काढंल. मी तातडीची ग्रामसभा लावते. तुमी या."

ग्रामसभा म्हणजे सदस्यांची बैठक नव्हे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद असतो. पुस्तकात मी हे शिकले होते. पण माझी सगळी नोकरी नगरपालिकांत गेली. तिथं ठराव आधी टाइप होतो आणि सभा नंतर होते. ग्रामसभेबद्दल ऐकलेलं एवढंच होतं, की रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात आणि झाली सभा.

सभेपर्यंतचे दिवस वाईट गेले. टँकरभोवती भांडणं झाली. करडगावची काही पोरं उंबरवाडीच्या दूधगाड्या अडवायला निघाली होती. त्यांना बशीरभाईंनी हात जोडून परत पाठवलं. तहसीलदारांचा रोज फोन यायचा आणि रोज तोच प्रश्न असायचा, कुलूप कधी तोडायचं?

सभा समाजमंदिरात होती. मी पोचले तेव्हा आत जागा उरली नव्हती. बायका चटयांवर, पुरुष भिंतीला टेकून, खिडकीच्या गजांना धरून माणसं. ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत होते, माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथल्या मतदार नाही. बसता येईल. बोलायचं तर सभेची परवानगी लागेल."

मी क्लास टू अधिकारी. शिपायापासून नगराध्यक्षापर्यंत सगळे माझ्यासाठी खुर्ची ओढतात. इथं मी चटईवर बसले, बायकांच्या रांगेत.

पहिला उठला दत्ता लोंढे, ऊस करणारा तरुण शेतकरी. "करडगाव आता शहर झालं. शहराला सरकार लई देतंय. त्यांनी आपली हीर खणावी. आमच्या पाण्यावर त्यांचं गाव वाढणार आणि आमी हितंच ऱ्हाणार."

टाळ्या पडल्या. मग दुसरा उठला, तिसरा उठला. आवाज चढत गेले. तेवढ्यात माझ्या शेजारची एक म्हातारी बसल्या बसल्याच म्हणाली, "माझी लेक दिलीया करडगावात. तिनं कुटलं पाणी प्यायचं?"

"आक्का, तसं न्हाय..." दत्ता म्हणाला.

"कसं न्हाय? उभा ऱ्हाऊन सांग की."

बायका हसल्या. मग एकेक जण बोलायला लागली. कुणाची बहीण तिकडं, कुणाचं दुकान तिकडं, कुणाची पोरं त्या शाळेत. दत्ता चिडला. "पोरींचं मला कळतंय. पण कचऱ्याचं बोला की कुणीतरी! कचरा कुणाच्या दारात येणार हाय ते विचारा मॅडमला!"

सगळं समाजमंदिर माझ्याकडं वळलं.

तेव्हा मला कळलं की कुलूप पाण्यासाठी नव्हतंच. करडगावच्या शिवेवर, त्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर गायरान आहे. तिथं मोजणी करणारी माणसं लोकांनी पाहिली होती. नगरपंचायत झाली की कचरा डेपो करावाच लागतो. तो आपल्या विहिरीच्या उशाला येणार, ही भीती गावाच्या पोटात होती. कुणाला विचारायचं हे माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी हातात होतं ते केलं.

सुनंदाताईंनी सभेला विचारलं, "मॅडमना बोलू द्यायचं का?" हात वर झाले. मी उभी राहिले.

खरं सांगायचं तर मला 'नाही' म्हणून मोकळं होता आलं असतं. जागा नक्की झालेली नव्हती. "असा कुठलाही निर्णय झालेला नाही" हे आमच्या खात्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य आहे, आणि ते खोटं ठरलं नसतं. पण इतकी माणसं इतकी शांत होऊन माझ्याकडं बघत होती, की ते वाक्य तोंडातून निघेना.

"हो," मी म्हटलं. "पाहिलेल्या जागांमध्ये ते गायरान आहे. निर्णय प्रशासकांचा आहे, माझा नाही. मी लेखी विरोध करेन. पण होणारच नाही, असं वचन मला देता येत नाही."

मला वाटलं, संपलं. आता मोटारीला कायमचं कुलूप.

मग तीच म्हातारी म्हणाली, "बरं झालं, खरं बोलली बाई."

आणि तिथून पुढं जे झालं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आरडाओरडा थांबला आणि काम सुरू झालं. दत्तानं विचारलं, विरोध लेखी म्हणजे कुणाकडं? आमच्या गावाचा ठराव जोडता येईल का? एका मास्तरांनी विचारलं, पाणी रोखलं आणि कचरा तरी आला, तर आपल्या हातात काय उरलं? दोन गोष्टी एकत्र बांधायच्या की वेगळ्या ठेवायच्या, यावर बराच वेळ वाद झाला. बांधायच्या म्हणणारे जास्त होते. हळूहळू ते कमी झाले. कुणी कुणाला गप्प बसवलं नाही. एकेकाचं मत समोरच्याचं ऐकून वळताना मी पाहत होते.

शेवटी भाऊसाहेबांनी ठराव लिहिला आणि वाचून दाखवला. "करडगाव नगरपंचायतीस पाणी घेण्याची परवानगी देण्यात येत आहे."

भिंतीला टेकलेले एक म्हातारे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. "परवानगी कशाची, भाऊसाहेब? ती हीर खणताना मी होतो. रोजगार हमीचं काम होतं. निम्मी माणसं करडगावची होती. माती त्यांनीबी उचललीया. परवानगी शब्द काढा."

"मग काय लिहू, आण्णा?"

"लिवा, पाणी दोनी गावांचं हाय."

भाऊसाहेबांनी पेन थांबवलं आणि सुनंदाताईंकडं पाहिलं. त्यांनी सभेकडं पाहिलं. "मंजूर हाय का?" हात वर जाऊ लागले. आधी बायकांचे, मग भिंतीकडचे, मग खिडकीबाहेरचे. दत्ता लोंढेचा हात बराच वेळ खाली होता. शेवटी तोही वर गेला.

मतदार नसल्यानं मला हात वर करता येत नव्हता, आणि त्या क्षणी त्याचं मला खरोखर वाईट वाटलं. राज्यघटना, पंचायत राज, स्थानिक स्वराज्य हे शब्द मी परीक्षेसाठी पाठ केले होते. ते प्रत्यक्षात असे दिसतात, चटईवर बसून भांडतात आणि स्वतःच्या फायद्याचा एक शब्द स्वतःच खोडतात, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं.

गायरानाबद्दल दुसरा, वेगळा ठराव झाला. त्याच दुपारी गावानं कुलूप काढलं आणि बशीरभाईंनी मोटार चालू केली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही ठरावांच्या नकला घेऊन तहसीलदारांकडं गेले. त्यांनी पहिला वाचला आणि म्हणाले, "पाणी दोन्ही गावांचं आहे, हे कुठल्या कलमाखाली?"

"कलम नाही, सर. पण पाणी चालू आहे."

ते हसले नाहीत. दुसरा ठराव त्यांनी बाजूला ठेवला. मी गायरानाला विरोध करणारी माझी टिपणी त्याच्यावर ठेवली. ती वाचून ते नाराज झाले, आणि पुढं काही महिने आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. पण ते एकदा स्वतः जाऊन गायरान आणि विहीर यांतलं अंतर पाहून आले. डेपोची जागा हायवेच्या पलीकडं गेली. ती मिळवताना आम्हाला घाम फुटला आणि तिथल्या लोकांनीही विरोध केलाच. तो वेगळा ताप.

नगरपंचायत आणि उंबरवाडी ग्रामपंचायत यांच्यात पुढं रीतसर करारनामा झाला. जिल्हा परिषदेच्या इंजिनिअरांनी मसुदा तपासला, नगरपालिका शाखेनं तपासला, वकिलांनी तपासला. प्रत्येकानं काही ना काही बदललं. आण्णांचं वाक्य मात्र कुणीच खोडलं नाही. ते पहिल्याच परिच्छेदात आहे, फक्त 'हाय'च्या जागी 'आहे' झालं आहे.

आता मी निवृत्त आहे. नव्या मुख्याधिकाऱ्यांच्या ट्रेनिंगला कधी बोलावतात तेव्हा समोरचे अधिकारी नोंदी करायला पेन काढून बसतात. मी त्यांना सांगते, नवीन गावाचा चार्ज घेतलात की आधी शेजारच्या गावच्या सरपंचांकडं चहाला जा. कुठल्या नियमाखाली, असं एकानं विचारलं होतं. मी म्हटलं, नियम नाही, म्हणूनच सांगतेय.