सतरा नंबरचा फोन आणि सातवी ओळ

इथले अनुभव मी दोन वर्षांपासून वाचतेय, पण कधी साधी कमेंटही केली नाही. खरं सांगायचं तर वाचून झालं की मी मनातल्या मनात कारण शोधून मोकळी व्हायचे — वायरिंग खराब असेल, झोप अर्धवट असेल, कुणीतरी गंमत केली असेल. बिघाडाचं कारण शोधणं हेच माझं काम आहे... आणि कारण नेहमी सापडतं, अशी माझी खात्री होती. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे लिहिताना कुठे अडखळले तर समजून घ्या.

मी परभणीची. पिंगळीच्या पुढच्या चार गावांत आमच्या संस्थेचं एक छोटं मोबाइल नेटवर्क आहे. कुठल्या मोठ्या कंपनीचं नाही. सॉफ्टवेअर खुलं, कुणीही उघडून बघावं, बदलावं असं. चार गावं, चार टॉवर. माझ्याकडे दोन गोष्टी आहेत. फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला तरी कॉल तुटू नये, ही एक. आणि कुठल्या फोनला किती मान द्यायचा, याचे नियम पाळले जातात का ते बघणं, ही दुसरी. गावोगाव फिरणाऱ्या आशाताईंचे फोन आधी, मग शेतातल्या मोटारींची यंत्रं, मग बाकी सगळे.

सर्व्हर शिवलिंगअप्पांच्या आडत दुकानामागच्या खोलीत असतो. अप्पा लिंगायत, सत्तरीचे. सकाळची पूजा झाली की कपाळावर ओढतात तशीच भस्माची तीन बोटं सर्व्हरच्या डब्यावरही ओढतात. सुरुवातीला मी पुसायचे. मग सोडून दिलं.

माझी सगळ्यात जास्त टिंगल करायच्या त्या मीराताई, शेजारच्या गावच्या आशाताई.

"काय ओ मॅडम, आज बी मौन हाय का?"

मी नुसती हसले.

"बघा अप्पा, ही पोरगी डब्यासंगं लय बोलती. आपल्यासंगंच हिचं तोंड शिवलेलं हाय."

"डबा उलटं बोलत न्हाई, म्हणून बोलत आसंल," अप्पा म्हणाले.

तर त्या सोमवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास मी स्क्रीनवरच्या नोंदी बघत होते. सतरा नंबरचा फोन दोन नंबरच्या टॉवरवरून निघाला होता, व्हिडिओ कॉल चालू होता. कुणाला, तो रकाना रिकामा. मग दोन आणि तीनच्या बरोबर मधे, कालव्याच्या पुलाशी तो थांबला. तिथे दोन्ही टॉवरचा सिग्नल सारखाच येतो. त्यामुळे फोन कधी इकडे चिकटतो, कधी तिकडे. तीनवर, परत दोनवर, परत तीनवर... पाच उड्या झाल्या. सहावी उडी झाली आणि आमच्या नियमाने त्याला बाहेर काढलं. इतक्या उड्या मारणारा फोन बिघडलेला समजायचा आणि अर्धा तास बंद ठेवायचा, असा नियम होता. सहा उड्यांच्या सहा ओळी, आणि पुढे काही नाही.

यात विचित्र काहीच नव्हतं. फक्त सतरा नंबरचा फोन अप्पांच्या कपाटात होता. आशाताईंसाठी जादा म्हणून ठेवलेला, कोरा, बंद. सिम मीच घातलं होतं. खोक्याला चिकटपट्टी लावून त्यावर माझी सही होती.

"अप्पा, कपाट उघडता का जरा?"

अप्पांनी कमरेची किल्ली काढली. खोकं जागेवर. चिकटपट्टी जशीच्या तशी, सहीवर एक सुरकुती नाही.

"कुलूप माझं, किल्ली माझ्या कमरंला," अप्पा म्हणाले. "मंग ह्याला फिरवायलाय कोण?"

मी सगळं तपासलं. सिमची नक्कल नव्हती. सर्व्हरचं घड्याळ बरोबर होतं. बाकीच्या सगळ्या फोनच्या नोंदी चोख होत्या. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. फोन कुणाचाही असो... कुणीतरी पुलावर उभं राहून बोलत होतं आणि आपल्या नियमाने त्याला मधेच तोडलं. उद्या खरंच एखादी आशाताई तिथे अडकली तर?

मी नवा नियम लिहिला. आशाताईचा फोन कॉलवर असेल तर कितीही उड्या मारू देत, त्याला बाहेर काढायचं नाही. सहाव्या उडीला एका टॉवरने त्याला धरून ठेवायचं.

नवा नियम बघून पुण्याहून आमच्या संस्थेतल्या निखिल सरांचा फोन आला. आधीचा नियम त्यांचा होता.

"बंद फोनची नोंद म्हणजे सरळ सरळ कचरा आहे. कचऱ्यासाठी नियम बदलायचा? आणि त्या पुलावर थांबतं कोण? शुक्रवारी पैसे देणाऱ्यांची पाहणी आहे, एखाद्या बिघडलेल्या फोनने टॉवर बंद पाडला तर हे नेटवर्कच बंद होईल. काढून टाक तो."

अशा वेळी मी 'हो सर' म्हणते. आयुष्यभर तेच म्हणत आलेय. त्या दिवशी मात्र म्हणाले, "सर, नियम राहू दे. काही झालं तर माझ्या नावावर."

"ठीक. तुझ्या नावावर."

गुरुवारी दुपारी मीराताई धावत आल्या. त्यांचा फोन हौदात पडला होता, आणि बाहेर ऑटोत एका पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या होत्या. अप्पांनी कपाट उघडलं. जादा फोन एकच होता. सतरा. चिकटपट्टी मीच कापली.

"आवं, नवा कोरा की! मॅडम, चेहरा का पडला? परत देते की तुमचा फोन!" असं म्हणत त्या ऑटोत बसल्यासुद्धा.

तीन वाजून गेले. सतरा नंबर दोनच्या टॉवरवरून निघाला. व्हिडिओ कॉल चालू. पुलाशी थांबला.

अप्पांनी गावात फोन लावून विचारलं आणि कपाळाला हात लावला. "कालव्याला पाणी सुटलंय. कुणीतरी पलीकडच्या रानात पाइप न्यायला रस्ता आडवा खांदलाय. ऑटोचं चाक चारीत बसलंय."

तीनवर. दोनवर. तीनवर. मला कॉल ऐकू येत नव्हता, फक्त ओळी दिसत होत्या. चौथी. पाचवी. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं होतं. सहावी ओळ आली... सोमवारी सगळं इथेच संपलं होतं.

सातवी ओळ आली. 'धरून ठेवला. कॉल चालू.'

"टिकला! अप्पा, टिकला!" मी इतक्या जोरात ओरडले की दुकानातले हमाल आत डोकावले.

पुलावर काय झालं ते मीराताईंनी संध्याकाळी सांगितलं. बाळ ऑटोतच झालं, पण रडेना. अंग निळसर. स्क्रीनवर दवाखान्यातल्या डॉक्टरबाई एकेक गोष्ट सांगत होत्या — तोंड पुसा, पाठ चोळा, आता असं धरा, थांबू नका. "मदीच चित्र आसं हललं, मला वाटलं गेला फोन. पर बाई बोलतच व्हत्या. त्या बोलल्या म्हणून माझे हात चालले, मॅडम. न्हाईतर मला काईच सुधरत नव्हतं."

मग पोरगी रडली. लोकांनी ऑटो उचलून बाहेर काढला, मायलेकी दवाखान्यात पोचल्या. दोघी ठणठणीत आहेत. मीराताईंनी जिलबी आणली होती. पहिला तुकडा माझ्या तोंडात कोंबत म्हणाल्या, "अप्पा म्हणत व्हते, लय मोठ्यानं वरडलीस. हाय की गं तुला आवाज!"

शुक्रवारच्या पाहणीत निखिल सरांनी स्वतः ती नोंद पडद्यावर लावली आणि पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "नियम हिचा आहे. मी नको म्हणत होतो." त्या दिवशी मी वीस माणसांसमोर बोलले. नेटवर्क चालू राहिलं.

पाहुणे गेल्यावर मी सोमवारच्या आणि गुरुवारच्या नोंदी कागदावर काढल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या. वेळ सेकंदापर्यंत तीच. टॉवर तेच, उड्या त्याच. सरांनी दोन दिवस डोकं लावलं, मी अजून लावतेय. कारण सापडलेलं नाही. सापडेल असं आता वाटतही नाही.

ते दोन्ही कागद माझ्या टेबलच्या काचेखाली आहेत. सहाव्या ओळीपर्यंत दोन्ही अगदी एक. सातवी ओळ फक्त एकावर आहे... आणि ती मी लिहिली आहे.