सोळावा बालवीर

किस्से म्हणजे बाभळीच्या शेंगा. एक उचलायला वाकावं, तर पायाखाली दहा सापडतात. मी रोजनिशीत हवा-पाणी आणि दिवसभरात घडलेलं तेवढं लिहिणारा माणूस. पण मेहकरला गोविंद मास्तरांच्या बालवीर पथकाचा, म्हणजे स्काउटांच्या तुकडीचा, चिटणीस झालो, आणि शेंगा वेचून वेचून कंबर मोडली.

शाळेमागचं मैदान पथकाकडे होतं. गावातल्या अंमलदारांच्या क्लबाला ते टेनिसला हवं होतं. वरून हुकूम आला : तपासणीच्या दिवशी सोळा बालवीर उभे दिसले तर मैदान पथकाचं, नाहीतर क्लबाचं. आमच्याकडे होते तेरा. म्हणून बदलीवर किंवा धंद्यासाठी नवं बिऱ्हाड गावात आलं, की रविवारी सकाळी मास्तर आणि मी त्यांच्या ओट्यावर हजर!

पहिला ओटा कोर्टातल्या नव्या नाझरांचा. बालवीर एकमेकांशी डाव्या हातानं हस्तांदोलन करतात, आणि मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी नाझरांपुढे डावा हात केला. नाझर त्या हाताकडे बघतच राहिले. त्यांच्या म्हाताऱ्या आईला मात्र मास्तरांची कीव आली. "काऊन बाप्पा, उजवा दुखून राह्यला काय?" असं म्हणत ती आत गेली आणि हळद-चुन्याचा गरम लेप घेऊन आली. मास्तर नियम समजावून सांगेपर्यंत त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पिवळा झाला होता.

नातवाचं विचारलं तर म्हणाली, "हात बरा झाला की मंग या."

\*

अण्णासाहेब ओव्हरसियर शिकलेले. बाळूला पाठवायला लगेच तयार झाले. मग त्यांनी विचारलं, टोळीनायक कोण? मास्तर म्हणाले, हबीब, दर्ज्याचा मुलगा, फार हुशार आहे. अण्णासाहेबांचा चेहरा उतरला. ज्यानं आपल्या कोटाला काजं केली, त्याच्या पोराला बाळूनं सलाम ठोकायचा?

मास्तरांनी सांगितलं की सलाम माणसाला नसतो, हुद्द्याला असतो. अण्णासाहेबांनी बराच विचार करून तोड काढली. "ठीक आहे. बाळू येईल. सलाम आमचा पट्टेवाला करील."

आम्हाला वाटलं, थट्टा आहे. पुढच्या रविवारी बाळू खिशात हात घालून रांगेत उभा, आणि त्याच्या मागे चांगल्या झुपकेदार मिशांचा किसन पट्टेवाला हबीबला सलाम ठोकतोय! दोराच्या गाठी आल्या, तेव्हा बाळूच्या आईचा निरोप आला की दोरानं पोराचे हात सोलतात. गाठीही किसनच शिकला. महिन्याभरात आठही गाठी डोळे मिटून मारू लागला.

रजिस्टरात मी बाळूचं नाव लिहिलं. चौदा झाले.

\*

पंधरावा नव्या वकिलांचा मुलगा. बालवीरानं रोज एक सत्कृत्य करून वहीत लिहायचं असतं. इतरांच्या वह्या कोऱ्या, याच्या वहीत मात्र एका दिवसाचा खाडा नाही. रोज एकच नोंद : "वाट चुकलेल्या माणसाला वाट दाखवली." मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी ती वही सगळ्यांपुढे वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी सहज मोटार स्टँडवरून गेलो. खेड्यापाड्यांतून कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं गाडीतून उतरत होती, आणि आमचा बालवीर, गणवेशात, एकेकाला हाताला धरून वाट दाखवत होता. वाट सरळ त्याच्या वडिलांच्या बैठकीत जात होती.

\*

सोळावा कादरभाई कापडवाल्यांचा युसूफ. कादरभाईंनी मास्तरांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "हाताचं काय घेऊन बसले, मास्तर? पोराले घेऊन जा."

आनंदाच्या भरात मास्तरांनी टेकडीवर वनभोजन ठरवलं. सगळ्यांची चूल एक, असं त्यांचं जुनं स्वप्न होतं. शिधा आला, त्याबरोबर प्रत्येक घरचा निरोपही आला. कुणाला कुणाचं पाणी नको, कुणाला कुणाची हंडी नको. शेवटी टेकडीवर सोळा चुली पेटल्या. धूर एवढा झाला, की टेकडीला आग लागली समजून खालच्या वस्तीवरची माणसं घागरी घेऊन धावत आली.

युसूफला न्यायला आलेले कादरभाई चुली मोजत म्हणाले, "मास्तर, हे एक पथक हाय का सोळा खानावळी?"

\*

तपासणीच्या दोन दिवस आधी अण्णासाहेबांची यवतमाळला बदली झाली. बाळू गेला. पुन्हा पंधरा! त्या रात्री मास्तर जेवले नाहीत.

तपासणीच्या दिवशी सकाळी तपासनीस साहेब आले. क्लबाचे चिटणीस बरोबर होतेच, हातात मैदान मोजायची साखळी. हबीबनं शिटी फुंकली. मी मान खाली घालून हजेरी घेऊ लागलो. सवयीनं बाळूचंही नाव घेतलं गेलं.

"हजर!"

रांगेच्या टोकाला किसन उभा होता. अर्धी चड्डी, गळ्यात रुमाल, मिशा तशाच. साहेब त्याच्यापुढे थांबले. दोर दिला, त्यानं आठही गाठी मारून दाखवल्या. मग साहेबांनी वय विचारलं.

"रजिस्टरात बारा हाय, सरकार," किसन म्हणाला. "साहेबाची बदली झाली. माही नाही झाली."

साहेबांनी मिशांकडे पाहिलं. मग मास्तरांकडे, मग त्या साखळीकडे. डावा हात पुढे करून किसनशी हस्तांदोलन केलं आणि माझ्याकडून रजिस्टर मागून घेतलं. हजर सोळा, असं लिहिलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहून सही केली :

"मुले वयाच्या मानाने थोराड दिसतात."